होडीवर पहिलं यंत्र कोणतं?

१३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या किनाऱ्यावरून शाळकरी मुलांना समुद्रात फेरी मारायला घेऊन निघालेली बोट उलटली. बोटीत चाळीसच्या आसपास विद्यार्थी होते आणि अंगात लाइफ जॅकेट नव्हती. जवळपासचे मच्छीमार आपापल्या होड्या घेऊन धावले, तटरक्षक दलाची मदत आली, बहुतेक मुलं वाचली. तीन विद्यार्थिनी दगावल्या. त्याच दिवशी सकाळी जुहूहून ओएनजीसीच्या फलाटाकडे निघालेलं पवनहंसचं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं होतं. त्यातले सातही जण गेले. एकाच दिवशी या समुद्रात दोन ठिकाणी माणसं शोधण्याचं काम चालू होतं.

मौजेच्या बोटीवर इलेक्ट्रॉनिक यंत्रं कोणती घ्यावीत, ही चर्चा सहसा दुकानातल्या रंगीत पडद्यापाशी सुरू होते. ती डहाणूच्या त्या दिवसापाशी सुरू केली तर निवडीचा खरा प्रश्न हाती लागतो. समजा, बोट आडवी झाली, बॅटरी पाण्याखाली गेली, चालकाच्या खिशातला फोन भिजला. आता हाक मारायला बोटीवर काय उरलं? जे उरतं ते पहिलं यंत्र. पडदे, नकाशे, मासे दाखवणारी रंगीत चित्रं ही सगळी त्याच्या मागून. आणि माणसं मोजून घेणं, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट चढवणं हे त्या पहिल्या यंत्राच्याही आधी. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेल्या बोटीला कोणतंही यंत्र सावरू शकत नाही.

डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावर श्रीमंती नौकांचे तांडे नाहीत. इथला समुद्र मांगेला आणि कोळी मच्छीमारांचा आहे: डहाणू, धाकटी डहाणू, चिंचणी, वरोर, बोर्डी आणि पार उत्तरेला गुजरातच्या हद्दीला लागून तलासरी तालुक्यातलं झाई. सुट्टीत पर्यटकांना फेरी मारणारी होडी बहुधा मासेमारीचीच असते. मुंबईहून शीड उभारून दमणकडे निघालेल्या हौशी नाविकालाही हेच पाणी कापावं लागतं. म्हणून मौजेच्या बोटीवर यंत्रं कशी वापरावीत हे शिकायचं तर ते इथल्या तांडेलांकडून, म्हणजे होडी चालवणाऱ्या नाखव्यांकडून. त्यांच्याकडे जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस ही यंत्रं वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात, धुरात आणि चिखलात काम करत आली आहेत.

हाकेपासून सुरुवात करू. बहुतेकांची पहिली भिस्त मोबाइलवर असते. किनाऱ्यालगत तो चालतो, आणि तटरक्षक दलाचा १५५४ व सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक त्यावरूनच लागतात. पण मोबाइलची हाक एकाच माणसाला जाते. बोट बुडत असताना तुम्हाला हवा असतो सर्वांत जवळचा माणूस, आणि त्याचा नंबर तुमच्याकडे नसतो. व्हीएचएफ वायरलेसवर १६ नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, केलेली हाक टप्प्यातल्या प्रत्येक सेटवर एकाच वेळी ऐकू जाते. डहाणूला मुलांपर्यंत आधी पोचले ते जवळचे मच्छीमार, ही गोष्ट इथे लक्षात ठेवावी.

व्हीएचएफचा टप्पा मुख्यतः अँटेनाच्या उंचीवर ठरतो, कारण या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीची गोलाई त्यांना आडवी येते. हिशेब सोपा आहे. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरीज करा, तिला सव्वादोनने गुणा. उत्तर सागरी मैलांत मिळतं. चार-चार मीटर उंचीवर अँटेना असलेल्या दोन होड्या साधारण नऊ मैलांपर्यंत बोलू शकतात. तुम्ही बसून हातातला सेट पाण्यापासून एक मीटरवर धरला, तर तोच टप्पा पावणेसात मैलांवर येतो. किनाऱ्यावरचा अँटेना ४९ मीटर उंच असेल तर चार मीटरवाल्या होडीची हाक वीस मैलांवरून पोचते. म्हणून २५ वॉटचा भारी सेट घेऊन अँटेना केबिनच्या कठड्याला बांधणाऱ्यापेक्षा साधा सेट घेऊन अँटेना डोलकाठीच्या टोकाला नेणारा शहाणा.

माझं मत स्पष्ट आहे. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर पाण्यात न बिघडणारा, पाण्यावर तरंगणारा हातातला व्हीएचएफ घ्यावा आणि तो चालकाच्या जॅकेटला दोरीने अडकवावा. त्याला होडीची बॅटरी लागत नाही. खोक्यावर आयपीएक्स-७ लिहिलेलं असलं तर तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो एवढाच त्याचा अर्थ. त्यावर खाऱ्या पाण्याची हमी नसते, म्हणून किनाऱ्यावर आल्यावर गोड्या पाण्याने धुवावा. सेट वापरायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, पण ती करावीत. होडीवर पक्क्या बसवलेल्या सेटवर झाकणाखाली लाल बटण असतं. ते दाबलं की तुमचा ओळख क्रमांक आणि ठिकाण आपोआप प्रसारित होतं, मात्र नऊ आकडी क्रमांक (भारतीय बोटींचा ४१९ ने सुरू होतो) आधी भरलेला असेल आणि सेट जीपीएसला जोडलेला असेल तरच. ही दोन्ही कामं बाकी असतील तर त्या बटणावर विसंबू नये.

वायरलेसच्या टप्प्याबाहेर उपग्रहांचं काम सुरू होतं. हौसेखातर परदेशातून उपग्रह फोन आणू नका. थुराया आणि इरिडियमचे फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्लेखोरांनी 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावली आणि वाटेत जीपीएस व उपग्रह फोन वापरले, हे ज्या किनाऱ्याला ठाऊक आहे तिथे हा कायदा कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

मच्छीमारांसाठी इस्रोने संकटाचा इशारा देणारं यंत्र केलं, ते 'डाट' या नावाने ओळखलं जातं. २०१० पासून ते वापरात आहे. बटण दाबलं की ठिकाण आणि संकटाचा प्रकार उपग्रहामार्गे बंगळुरूच्या नियंत्रण केंद्रात जातो आणि तिथून तटरक्षक दलाला कळतो. पहिल्या पिढीच्या डाटमध्ये मोठी उणीव होती: संदेश पोचला की नाही हे बुडणाऱ्याला समजत नसे. दुसऱ्या पिढीत पोच परत येते. ही सुधारणा किती मोठी आहे, ते अंधारात रिकाम्या पिंपाला धरून तरंगणाऱ्यालाच कळेल. मदत येते आहे हे कळलेला माणूस पिंप सोडून पोहत सुटत नाही.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याच कार्यक्रमात १३ किनारी राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख मासेमारी नौकांवर इस्रोच्या तंत्राचे ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. सुमारे ३६० कोटींची ही योजना आहे. हे ट्रान्सपॉन्डर दोन्ही बाजूंनी संदेश नेतात. वादळाचा इशारा होडीकडे येतो आणि होडीचा संदेश किनाऱ्याकडे जातो. ज्या बंदराला इथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केला, त्याच बंदराच्या मांडवात हे यंत्र सुरू झालं. बंदराबद्दल मत काहीही असो, यंत्र नाकारू नये.

मौजेच्या बोटीला ही सरकारी योजना लागू नाही. तिने ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारं संकटसूचक यंत्र, म्हणजे ईपर्ब, घ्यावं. त्याची स्वतःची बॅटरी असते, त्याची हाक जगभरातले बचाव उपग्रह ऐकतात. घेतल्यावर नोंदणी मात्र करायलाच हवी. नोंदणी नसलेल्या ईपर्बची हाक आली तर ती कुणाची, किती माणसं, घरी कुणाला विचारायचं, यातलं काहीच बचाव केंद्राला कळत नाही.

ईपर्ब किती कामाचं आहे, याचं मोठं उदाहरण गोव्यात बांधलेल्या एका नौकेचं आहे. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नियमच असा होता की १९६८ च्या काळातली साधनं वापरून, जीपीएसशिवाय, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची. नौदलाचे अभिलाष टॉमी 'थुरिया' नौका घेऊन त्यात उतरले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात नौका उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत होऊन ते बिछान्यावर अडकून पडले. ईपर्बची हाक आणि छोट्या संदेशयंत्रावरचे तुटक शब्द यांवरून त्यांची अवस्था आणि ठिकाण कळत राहिलं, आणि तीन दिवसांनी फ्रान्सच्या 'ओसिरिस' या जहाजाने त्यांना उचललं. दिशा दाखवणारी आधुनिक यंत्रं ज्या शर्यतीने काढून घेतली, तिनेही हाक मारणारी यंत्रं सक्तीची ठेवली होती.

दुसऱ्या क्रमांकावर मी ठिकाण आणि खोली ठेवतो. पूर्वीचा तांडेल डहाणूजवळ आल्याची खूण महालक्ष्मीच्या सुळक्यावरून ओळखे. १९९० च्या दशकात औष्णिक वीजकेंद्राची पावणेतीनशे मीटर उंचीची चिमणी उभी राहिली आणि नवी खूण मिळाली. दोन खुणा एका रेषेत आणून डोलजाळं लावलेली जागा शोधायची ही जुनी विद्या. २ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे ठिकाण शंभर मीटरपर्यंत हुकू शके. चूक काढून टाकल्यावर ते काही मीटरांवर आलं आणि धुक्यातही जाळं सापडू लागलं. तरी खुणांची विद्या टाकून देऊ नये. चिमणी आणि सुळका बघून पडद्यावरचा ठिपका खरा आहे का हे दिवसातून एकदा ताडून पाहणारा माणूस यंत्राचा खरा जाणकार.

जीपीएसवरचं ठिकाण वाचून सांगताना घोटाळा होतो, तो नीट पाहू. पडद्यावर १९ अंश ५८.५० मिनिटं असा अक्षांश आहे. हे पाणी डहाणूसमोरचं. वायरलेसवर घाईत 'एकोणीस, अठ्ठावन, पन्नास' एवढंच म्हटलं आणि ऐकणाऱ्याने ५८ मिनिटं ५० सेकंद लिहून घेतलं, तर फरक सहाशे मीटरांहून जास्त पडतो. आणि त्याने १९.५८५० अंश असं दशांशात लिहिलं, तर शोधायला निघालेली बोट तेवीस सागरी मैल दक्षिणेला केळव्यासमोर जाईल. म्हणून 'दशांश' हा शब्द मोठ्याने उच्चारावा आणि सोबत साधी खूण द्यावी: चिमणी पूर्वेला, किनारा अंदाजे तीन मैल. अनुभवी तांडेल आधी खूण सांगतो आणि मग आकडे.

जीपीएसमध्ये हद्दीची रेषा भरून भोंगा लावता येतो. डहाणू-तलासरीतले कितीतरी तरुण गुजरातच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात, आणि पाकिस्तानच्या हद्दीजवळ पकडल्या जाणाऱ्यांत त्यांची नावं असतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याजवळ पाकिस्तानी दलाने केलेल्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातला एक मच्छीमार ठार झाला. समुद्रात रेषा आखलेली नसते. ती दिसते फक्त पडद्यावर. तिथे भोंगा बंद करून ठेवणारा मालक खलाशाच्या जिवाशी खेळतो.

खोलीमापकाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथलं पाणी फसवं आहे. खंबातच्या आखाताच्या तोंडाजवळ असल्याने भरती-ओहोटीतला फरक इथे मोठा. उधाणाला चार मीटरच्याही वर. सकाळी खाडीच्या ज्या मुखातून बोट सहज बाहेर पडली, तिथे दुपारी चिखल उघडा पडलेला असतो. शेजारी खडपं आहेत. नकाशावरची खोली सर्वांत खालच्या ओहोटीपासून मोजलेली असते, पडद्यावरची खोली त्या क्षणीच्या पाण्याची असते, आणि तीही पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजलेली नसून होडीच्या तळाला बसवलेल्या संवेदकापासून मोजलेली. तो अर्ध्या मीटरवर बसवला असेल तर अर्धा मीटर मिळवावा, किंवा यंत्रात तशी सोय असते ती वापरावी. पण यंत्र कोणत्या हिशेबाने दाखवतं आहे हे बोटीवरच्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

यंत्र आवाजाचा ठोका तळाकडे पाठवतं आणि प्रतिध्वनीची वेळ मोजतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे पंधराशे मीटर धावतो. पंधरा मीटर खोलीवरून तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत येतो. २०० किलोहर्ट्झचा ठोका उथळ पाण्यात बारीक तपशील देतो, पण तो मऊ चिखलाच्या वरच्या थरावरूनच फिरतो. ५० किलोहर्ट्झचा ठोका त्या चिखलात थोडा शिरतो. दोन्ही लावून दोन वेगळ्या खोल्या दिसल्या तर खाली रबडी आहे असं समजावं आणि नांगर तिथे विश्वासाने टाकू नये. आपल्या खाडीत होड्या ओहोटीला चिखलात बसतात, त्यामुळे तळाला भोक पाडून बसवलेला संवेदक चिखलाने माखतो, शिंपल्यांच्या थराखाली जातो. लहान होडीला तो मागच्या फळीवर, वर उचलता येईल असा लावणं सोयीचं. फायबरच्या होडीत तो आतूनही चिकटवता येतो. लाकडाच्या होडीत ते जमत नाही. यंत्रात वाव हे माप लावता येतं, आणि जुन्या माणसांना तेच पटकन कळतं.

यानंतर एआयएस, म्हणजे जहाजांनी एकमेकांना आपलं नाव, वेग आणि दिशा सतत सांगत राहण्याची सोय. वीस मीटरहून लांब मासेमारी नौकांना ती सक्तीची आहे. मौजेच्या लहान बोटीनेही निदान ऐकणारा संच ठेवावा असं मला वाटतं. पंधरा नॉट वेगाचं मालवाहू जहाज चार मिनिटांत एक मैल येतं. ते आठ मैलांवर असताना पडद्यावर दिसलं तर बाजूला व्हायला अर्धा तास मिळतो. वाढवणचं बंदर उभं राहील तेव्हा या पाण्यातली जहाजं वाढतील, आणि लाकडा-फायबरच्या होड्या रडारवर आजही नीट दिसत नाहीत.

आता जिथे खरी मेख आहे तिथे येऊ: तारा आणि बॅटरी. यंत्र गार्मिनचं घ्या की फुरुनोचं, ते बंद पडण्याचं कारण बहुधा खोक्याच्या बाहेर सापडतं. व्हीएचएफ सेट साधारण १३.८ व्होल्टला आखलेला असतो आणि १५ टक्के खालीवर सोसतो, म्हणजे पावणेबारा व्होल्टच्या खाली त्याचा भरवसा नाही. बॅटरी मागे, सेट दहा मीटर पुढे. जाऊन-येऊन तार वीस मीटर. घरगुती अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरली तर तिचा रोध सुमारे ०.१४ ओहम. बोलताना सेट पाच अँपिअर ओढतो, आणि तारेतच ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. संध्याकाळी बारा व्होल्टवर आलेल्या बॅटरीतून सेटला ११.३ मिळतात आणि बोलायला बटण दाबताच तो बंद पडतो. फसवणूक अशी की ऐकताना तोच सेट ठणठणीत असतो, कारण ऐकायला वीज फार कमी लागते. दिवसभर गप्पा ऐकणारा माणूस सेट चालू आहे या समजात राहतो. सहा चौरस मिलिमीटरची तार घातली तर तोटा ०.३ व्होल्टवर येतो. शेकडो रुपयांच्या तारेत काटकसर करून हजारोंचं यंत्र मुकं करणं हा आपल्याकडचा नेहमीचा दोष आहे.

तार कल्हई केलेल्या तांब्याचीच हवी. अँटेनाचा जोड उघडून पाहा: वरचं धातूचं कडं चकचकीत असतं, ते फिरवलं की आतल्या मधल्या टोकाभोवती हिरवट भुकटी दिसते, आणि तारेचं आवरण बोटभर सोललं तरी आतलं तांबं काळं निघतं. खारी ओल केशनलिकेसारखी तारेच्या धाग्यांतून आत चढत जाते. मग नुसतं टोक घासून भागत नाही. स्वच्छ तांबं लागेपर्यंत तार कापावी लागते, नवा जोड लावावा लागतो, आणि त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी लागते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि यंत्रांची वेगळी ठेवावी; एकच असली की स्टार्टर फिरताच व्होल्टेज कोसळतं आणि सगळे पडदे एकदम विझतात. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, म्हणजे ७५ अँपिअर-तासांपैकी ३७ हातात. नकाशा दाखवणारा प्लॉटर, ऐकणारा वायरलेस आणि एलईडी दिवे मिळून दोन अँपिअर घेत असतील तर अठरा तास निघतात, त्यात बोलणं आणि भोंगा धरलेला नाही. आणि होकायंत्राजवळ स्पीकर किंवा मोबाइल ठेवू नये. त्यातलं चुंबक सुई खेचतं, आणि सगळं विझल्यावर उरतं ते होकायंत्रच.

१ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी हाच यंत्रांच्या निगेचा काळ. होडी वर ओढली की काढता येतील तेवढी यंत्रं घरी न्यावीत, जोड पुसून ग्रीस लावावं, बॅटरी महिन्याला भरावी, ईपर्ब आणि डाटच्या बॅटरीवरची मुदत वाचावी. ऑगस्टमध्ये पहिल्या फेरीआधी खाडीतच उभं राहून दुसऱ्या होडीशी वायरलेसवर बोलून बघावं. नुसतं ऐकून नव्हे, बोलून.

डहाणूला किंवा बोर्डीला सुट्टीत आलात आणि कुणी समुद्रात फेरी मारायला बोलावलं, तर बसण्याआधी तीन गोष्टी मागा: अंगात घालायला जॅकेट, किती माणसं नेण्याचा परवाना आहे त्याचा कागद, आणि चालू करून, बोलून दाखवलेला वायरलेस. यातली एकही मिळाली नाही तर बोटीत बसू नका, मुलांना तर मुळीच बसवू नका. आणि फोनमध्ये १५५४ आणि १०९३ हे दोन नंबर आजच साठवून ठेवा.